तवंग कुणाचा?



गेल्या वर्षी मे महिना संपायला चार-पाच दिवस राहिले होते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्यामुळे आमच्या बंदरावर सगळ्यांचीच घाई चाललेली. मिळतील ते मासे विकायचे, उरतील ते खारवून वाळवायचे, दोन महिन्यांची बेगमी करायची. त्या पहाटे गडीमाणसं रापण ओढत होती आणि आम्ही बायका पाट्या घेऊन पुळणीवर उभ्या होतो. जाळं वर आलं ते काळं. जाळ्याला, दोरांना, बांगड्यांच्या अंगाला डांबरासारखे चिकट गोळे लागलेले. काही वाटाण्याएवढे, काही लाडवाएवढे. पुळणीवरही भरतीच्या रेघेने तीच काळी नक्षी. त्या दिवशी पाट्या तशाच परत आल्या. कुणी गिऱ्हाइकाला खरं सांगितलं, कुणी नाही सांगितलं, पण वासावरून सगळ्यांना कळलंच. जाळं साफ करण्यात उरलेले दिवस गेले आणि बंदी लागली.

आम्ही अर्ज केला. पाहणीला एक साहेब आले. त्यांनी चपलेच्या टोकाने एक गोळा उलटा केला आणि म्हणाले, "हे तुमच्याच होड्यांचं डिझेल असणार. बाहेरून कशाला येईल?" आम्ही गप्प. आमच्या गटातल्या एक मावशी तेवढ्या म्हणाल्या, "साहेब, डिझेलाचे कधी लाडू वळतात काय?" सगळे हसले, साहेबही हसले, आणि कागदावर काहीच लिहिलं गेलं नाही.

मावशींचं बरोबर होतं. पण ते दाखवून द्यायला आमच्या हातात काही नव्हतं. गोळे तर आम्ही गोळा करून खड्ड्यात पुरून टाकले होते.

मग आम्ही तालुक्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना आपल्या रेडिओ केंद्रावर बोलावलं. त्या दोनदा आल्या. आम्ही त्यांना एकच प्रश्न विचारला: समुद्रावर तरंगणारं तेल कुणाचं, हे ओळखता येतं का? त्या म्हणाल्या, येतं. कसं येतं, ते आम्हाला जेवढं समजलं तेवढं आज तुम्हाला सांगणार आहोत. ज्यांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांनीही ऐका, कारण गोष्ट स्वयंपाकघरातून सुरू होते.

कोंबडीचा रस्सा चुलीवरून उतरवला की वर लाल तवंग येतो. तेल पाण्यात मिसळत नाही आणि पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून ते वर येऊन पसरतं. समुद्रावरही असा तवंग असतो. कुणी तेल सांडलेलं नसलं तरी असतो, आणि जवळजवळ सगळीकडे असतो. समुद्रात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, मासे, त्यांची अंडी, कुजणारा पाला, नदीतून आलेला गाळ असतो. या सगळ्यातून चरबी, प्रथिनं आणि साखरेच्या जातीचे बुळबुळीत पदार्थ पाण्यात उतरतात. त्यातले बरेच वर येऊन थर धरतात. हा थर एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो. वारा पडलेला असताना खाडीच्या तोंडाशी पाहा, सगळीकडे बारीक लहरी आणि मधेच इस्त्री फिरवल्यासारखा गुळगुळीत पट्टा दिसतो. तो पट्टा म्हणजे दाट झालेला तवंग. त्याच्यामुळे बारीक लहरी उठत नाहीत. वादळानंतर किनाऱ्यावर जो फेस येतो तोही बहुतेक वेळा याच पदार्थांचा असतो, डाळ उकळताना वर येतो तसा. फेस दिसला म्हणजे साबणाचं पाणीच आलं, असं नाही.

इथे एक शब्द साफ करून घेऊ, नाहीतर गोंधळ होईल. या पदार्थांना रसायनशास्त्रात सेंद्रिय पदार्थ म्हणतात. आपण सेंद्रिय शेती, सेंद्रिय गूळ म्हणतो तेव्हा 'विषमुक्त' असा अर्थ मनात असतो. तो अर्थ इथे नाही. इथे सेंद्रिय म्हणजे ज्याच्या सांगाड्यात कार्बन आहे ते. मुलांच्या पुस्तकात याला कार्बनी संयुगे म्हणतात. खोबरेल तेलही त्यात, रॉकेलही त्यात आणि डीडीटीसुद्धा त्यातच.

एवढ्याशा थराची एवढी चर्चा कशाला, असं आम्हालाही वाटलं होतं. पण पृथ्वीचा जवळपास ७१ टक्के भाग समुद्राने झाकलेला आहे. समुद्राचं आणि हवेचं जे काही देणंघेणं चालतं, ते या थरातूनच. पाण्यात जाणारा प्राणवायू इथून जातो. आपल्या गाड्या, कारखाने आणि चुली जो कार्बन डायऑक्साइड सोडतात, त्यातला साधारण पाव हिस्सा समुद्र पोटात घेतो, तोही इथूनच. थर दाट असला की ही ये-जा मंदावते. बऱ्याच माशांची अंडी तरंगती असतात. ती या थरात किंवा त्याच्या लगेच खाली असतात. आणि घाटावरच्या मैत्रिणींनो, डीडीटीसारखी औषधं पाण्यात कमी आणि तेलात जास्त विरघळतात. फवारणीनंतर ओढ्या-नद्यांतून ती समुद्रात येतात तेव्हा खालच्या पाण्यापेक्षा या वरच्या तवंगात कितीतरी पट जास्त साठतात. म्हणजे तुमच्या बांधावरचं आमच्या बंदरावर येतं.

तेल पाण्यावर किती पातळ पसरतं, याचा एक जुना किस्सा आहे. बेंजामिन फ्रँकलिन नावाचे अमेरिकेतले एक मोठे गृहस्थ होते. आकाशातली वीज आणि पतंग यांच्या प्रयोगासाठी त्यांचं नाव ऐकलं असेल. लंडनच्या क्लॅपहॅम भागातल्या एका तळ्यात त्यांनी चमचाभर तेल ओतलं. ते पसरत पसरत गेलं आणि अर्धा एकर पाणी आरशासारखं शांत झालं. अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे! हे त्यांनी १७७४ साली छापून प्रसिद्ध केलं. आम्ही बाईंबरोबर बसून हिशेब केला. पाच मिलिलिटर तेल वीस गुंठ्यांवर पसरलं तर त्याची जाडी डोक्याच्या केसाच्या जाडीचा साधारण तीस हजारावा भाग होते. तेलाचा अगदी लहानात लहान कण, ज्याला रेणू म्हणतात, त्यांची एकच रांग पाण्यावर मांडावी एवढंच. फ्रँकलिनना रेणूंचं काही ठाऊक नव्हतं आणि त्यांनी हा हिशेबही केला नाही.

तो पुढे गेला एका बाईमुळे. तिची गोष्ट आम्हाला इतकी आवडली की आम्ही ती केंद्रावर दोनदा लावली.

तिचं नाव आग्नेस पोकेल्स. जन्म १८६२ सालचा. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावात राहायची. आईवडील आजारी, त्यांची सेवा आणि घरकाम तिच्याकडे. शास्त्राची आवड, पण त्या काळी तिथे मुलींना विद्यापीठात घेत नसत. धाकटा भाऊ मात्र शिकायला गेला आणि त्याच्याकडून तिला पुस्तकं मिळत. भांडी घासताना तेलकट पाण्याकडे ती बघत राहायची. स्वच्छ पाणी आणि किंचित तेलाचा अंश असलेलं पाणी सारखं वागत नाही, हे तिच्या लक्षात आलं. पाण्याच्या वरच्या बाजूला एक ताण असतो, त्याच्या जोरावर पाणमाशी पाण्यावर चालते. तेलाच्या अंशाने तो ताण कमी होतो. किती कमी होतो? ते मोजायला तिने घरातल्याच वस्तूंमधून साधन बनवलं. पत्र्याचं लांबट भांडं, काठोकाठ पाणी, त्यावर आडवी ठेवलेली एक पट्टी. पट्टी सरकवली की तवंग एका बाजूला दाबला जाई, जशी आपण परातीतली पिठी हाताने एका कडेला सारतो. मग बटणासारखी छोटी चकती पाण्यावर टेकवायची आणि ती वर उचलायला किती जोर लागतो ते तराजूने बघायचं. झालं यंत्र.

जवळजवळ दहा वर्षं ती हे करत होती आणि तिच्या गावातल्या विद्वानांनी त्याची दखल घेतली नाही. मग १८९१ साली तिने इंग्लंडमधले मोठे शास्त्रज्ञ लॉर्ड रॅली यांना जर्मनमध्ये पत्र लिहिलं. त्यांच्या पत्नीने त्याचं इंग्रजी केलं आणि रॅलींनी ते 'नेचर' या नामांकित नियतकालिकाकडे धाडलं. ते तिच्या नावाने छापून आलं. पुढे अमेरिकेतल्या अर्विंग लँगम्यूर यांनी तिच्याच धर्तीचं भांडं वापरून अशा थरांचा अभ्यास केला आणि १९३२ साली त्यांना नोबेल मिळालं. आग्नेसला त्याच वर्षी तिच्या गावच्या तांत्रिक विद्यापीठाने मानाची डॉक्टरेट दिली. तेव्हा ती सत्तर वर्षांची होती. आमच्या मावशी म्हणाल्या, "आम्ही पण रोज तोच तवंग बघतो, पण आमच्याकडे लॉर्डाचा पत्ता नाही."

आता मोजायचं कसं ते कळलं, पण समुद्रावरून हा थर उचलायचा कसा? बादली बुडवली तर खालचंच पाणी जास्त येणार. रश्श्यावरचा तवंग पळीने काढताना सुद्धा रस्सा येतोच ना? याला शास्त्रज्ञांनी दोन साध्या युक्त्या काढल्या आहेत. एक आहे तारेच्या जाळीची. चाळणीसारखी जाळी पाण्यावर आडवी टेकवून उचलायची, म्हणजे जाळीच्या घरांमध्ये वरचं पाणी अडकतं. दुसरी काचेची. स्वच्छ काच उभी पाण्यात बुडवायची आणि सावकाश वर काढायची. तवंग काचेला दोन्ही बाजूंनी चिकटून येतो. मग तो रबरी वायपरने निपटून बाटलीत घ्यायचा. एका खेपेला चमचा-दोन चमचे पाणी मिळतं. लिटरभर हवं असेल तर शंभरावर वेळा काच बुडवत बसायचं. होडी डुलते, ऊन डोक्यावर असतं आणि काम हेच. शास्त्रज्ञांचं कामही निवडण-टिपणासारखंच असतं, हे ऐकून आम्हाला जरा बरं वाटलं.

यात सगळ्यात मोठी धास्ती असते ती आपल्याच हातांची. बोटाला लावलेलं क्रीम, केसांचं तेल, होडीच्या इंजिनाचा धूर, प्लॅस्टिकच्या डब्यातून सुटणारे पदार्थ, हे सगळं सेंद्रियच. ते नमुन्यात उतरलं की समुद्राऐवजी आपलीच तपासणी होते. म्हणून नमुना होडीच्या पुढच्या बाजूने, वाऱ्याच्या तोंडाला घेतात. बाटल्या काचेच्या आणि त्या आधी ४५० अंश सेल्सिअसला भट्टीत तापवलेल्या, म्हणजे काचेवर राहिलेला तेलाचा कण जळून जावा. शिवाय एका बाटलीत मुद्दाम शुद्ध पाणी भरून ती सोबत फिरवून आणतात. तिच्यात तेल सापडलं तर चूक आपली, हे कळतं.

प्रयोगशाळेत या पाण्यात तेल ओढून घेणारा द्राव घालून हलवतात. तेलकट अंश त्यात उतरतो. पण तो एक पदार्थ नसतो, शेकडो पदार्थांची खिचडी असते. ती निवडायची कशी? त्यासाठी एक नळी असते, साधारण तीस मीटर लांब, आत सुईच्या भोकाएवढीच जागा. ती वेटोळं करून भट्टीत ठेवलेली असते. एका टोकाने थेंबभर नमुना सोडतात, मागून वायू ढकलत राहतो आणि भट्टी हळूहळू तापवत नेतात. असं समजा की गावातल्या सगळ्या बायका एकाच वेळी घाट चढायला निघाल्या. कुणी रिकाम्या हाताने, कुणाच्या डोक्यावर लाकडाची मोळी. निघाल्या एकत्र, पण वर पोचतील एकेक करून. हलके पदार्थ आधी बाहेर पडतात, जड मागून. जो बाहेर पडेल त्याचा कागदावर एक सुळका उमटतो. जेवढा पदार्थ जास्त, तेवढा सुळका उंच. पुढे दुसरं यंत्र प्रत्येक पदार्थ फोडून त्याच्या तुकड्यांचं वजन करतं. फुटलेल्या काचेच्या तुकड्यांवरून आपण सांगतो की नाही, हा कपाचा, ही बांगडी, तसंच.

आता त्या सुळक्यांमधून वाचायचं काय? इथे आम्ही सगळ्या सरसावून बसलो, कारण बाईंनी मण्यांच्या माळेचा दाखला दिला. तेलातले बरेच पदार्थ म्हणजे कार्बनच्या मण्यांच्या माळा. कुणात दहा मणी, कुणात तीस. अळूच्या पानावर पाणी थांबत नाही, कारण पानावर मेणाचा पातळ थर असतो. झाडांच्या त्या मेणात २७, २९, ३१ अशा विषम मण्यांच्या माळा जास्त आणि सम मण्यांच्या कमी असतात. झाडं माळा घडवतातच तशा. म्हणून पालापाचोळ्याचा तवंग असेल तर कागदावरचे सुळके उंच-बुटका, उंच-बुटका असे येतात. समुद्रातल्या बारीक शेवाळाच्या माळा आखूड असतात, बहुधा १५ किंवा १७ मण्यांच्या. जमिनीखालून काढलेल्या खनिज तेलात मात्र लाखो वर्षांच्या उष्णतेने हा सम-विषमाचा फरक पुसून गेलेला असतो. तिथे २६, २७, २८, २९ सगळे सुळके जिन्याच्या पायऱ्यांसारखे सारखे उतरत जातात. बघताक्षणी कळतं की हे पानाचं नाही आणि शेवाळाचंही नाही.

आणि डिझेल? डिझेलमध्ये साधारण १० ते २५ मण्यांच्या माळा असतात. पुढे कागद जवळपास कोरा. गोळ्यांमध्ये त्याच्या कितीतरी पुढचे, जडच्या जड पदार्थ असतात. म्हणजे मावशींनी लाडवावरून जे सांगितलं, तेच यंत्र कागदावर काढून दाखवतं. इंजिन ऑइल जड असतं हे खरं, पण ते थंडीत थिजू नये म्हणून त्यातल्या मेणाच्या माळा कारखान्यातच बऱ्याचशा काढून टाकतात. त्याच्या कागदावर सुळके नसतात, उंटाच्या पाठीसारखा एकच उंचवटा येतो.

पण यात एक मेख आहे. तेल समुद्रात पडलं की ऊन-वारा हलके पदार्थ उडवून नेतात, जंतू माळा खात सुटतात. उरलेलं तेल पाण्याशी घुसळून घट्ट होतं, लाटांनी तुटतं आणि त्याचे गोळे बनतात. पश्चिमेचे पावसाळी वारे आणि प्रवाह ते आपल्या किनाऱ्यावर लोटतात. गोळा हाती येईपर्यंत त्याच्या बऱ्याच खुणा पुसलेल्या असतात. अशा वेळी कामाला येतात होपेन नावाचे पदार्थ. ते लाखो-करोडो वर्षांपूर्वी मेलेल्या जंतूंच्या अंगचे अवशेष. फार चिवट, उन्हाने किंवा जंतूंनी सहज नष्ट होत नाहीत. आणि प्रत्येक तेलसाठ्यात निरनिराळ्या होपेनचं आपापसातलं प्रमाण वेगळं. मालवणी मसाला सगळ्या घरांत असतो, त्यात धणे, मिरची, बडीशेप, दगडफूल तेच. पण कालवण चाखून आपण सांगतो की हा अमकीच्या घरचा मसाला. प्रमाणावरून सांगतो. हेही तसंच.

गोव्याच्या किनाऱ्यांवरही दर पावसाळ्यात असे गोळे येतात. गोव्यात दोना पावला इथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी गोव्याच्या किनाऱ्यांवरचे गोळे आणून असा ठसा काढला. मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हाय हे आपलं मोठं तेलक्षेत्र आहे, तेव्हा पहिला संशय तिकडेच जातो. त्यांनी तिथलं कच्चं तेलही शेजारी ठेवून तपासलं. त्या वेळचे गोळे बॉम्बे हायचे निघाले नाहीत. ठसा जुळला आग्नेय आशियातल्या तेलाशी, आणि ते तेलवाहू जहाजांच्या टाक्या धुतलेल्या पाण्यातलं होतं. टाक्या धुऊन तेलकट पाणी वाटेल तिथे सोडायला 'मार्पोल' या आंतरराष्ट्रीय कराराने मनाई आहे. पण रात्री भर समुद्रात कोण पाहतं? मात्र हा निकाल त्या वेळच्या त्या गोळ्यांपुरता. दुसऱ्या वर्षीचे गोळे दुसरीकडचे असू शकतात. म्हणून 'गोव्याचे जहाजाचे निघाले, म्हणजे आमचेही जहाजाचेच' असं आम्ही अर्जात लिहिलं तर तेही साहेबांच्या डिझेलासारखंच होईल.

आणखी एक गोष्ट बाईंनी स्पष्ट सांगितली. ठशावरून तेल कुठल्या जातीचं ते कळतं, जहाजाचं नाव कळत नाही. नाव हवं तर संशयित जहाजाच्या टाकीतलं तेलही शेजारी ठेवायला लागतं. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराबाहेर 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया' या जहाजांची टक्कर झाली तेव्हा तो प्रश्नच नव्हता. जहाज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर कलंडलेलं होतं. सुमारे ८०० टन तेल सांडल्याचा अंदाज होता. तिथे प्रश्न वेगळा होता, मासे खायचे की नाही? कांदळवनं काळी झाली, बाजारात माशांची मागणी पडली, आणि ज्यांचे मासे लांबच्या स्वच्छ पाण्यातले होते त्यांच्याही पाट्या उठेनात. अशा वेळीही उत्तर तपासणीच देऊ शकते, कारण माशाच्या मांसात तेलाचे घातक पदार्थ उतरलेत की नाही ते याच यंत्रांवर कळतं. ते लवकर जाहीर झालं तर विकणारी आणि खाणारी दोघीही वाचतात.

याच पद्धतीने सांडपाणीही पकडता येतं, हे ऐकून आम्ही थक्क झालो. माणसाच्या आतड्यातले जंतू कोलेस्टेरॉलपासून कोप्रोस्टॅनॉल नावाचा पदार्थ बनवतात. तो खाडीच्या पाण्यात किंवा गाळात भरपूर सापडला तर तिथे मैला येतोय, हे कुणी नाकारू शकत नाही. कालवं आणि तिसऱ्या काढणाऱ्या बायकांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

आता यंत्र नसताना घरच्या घरी काय करता येतं? विहिरीवर, डबक्यावर, शेताच्या चरात रंगीबेरंगी तवंग दिसला की आपण घाबरतो. जांभ्या दगडाच्या मुलखात तर तो फार दिसतो. त्याला काडीने टोचा. तवंग काचेसारखा तडकून त्याचे तुकडे वेगळे झाले तर तो बहुतेक लोखंडावर जगणाऱ्या जंतूंचा, तेलाचा नव्हे. काडी काढल्यावर तो पुन्हा सांधून एक झाला आणि वासही आला, तर तेल समजायला हरकत नाही. समुद्रावर उन्हाळ्यात लाकडाच्या भुशासारखे तपकिरी पट्टे येतात, तेही तेल नसतं. ते ट्रायकोडेस्मियम नावाचं शेवाळ. या ओळखी पहिल्या नजरेपुरत्या, पुरावा म्हणून त्यांचा उपयोग नाही.

पुरावा हवा तर गोळा नीट ठेवायला हवा, आणि तिथेच आमचं चुकलं होतं. यंदा मे महिन्यात पुन्हा थोडे गोळे आले तेव्हा आम्ही तयार होतो. काचेची रुंद तोंडाची बरणी साबणाने धुऊन, खळखळून, कोरडी केलेली. झाकणाच्या आत ॲल्युमिनियमची फॉइल लावलेली, म्हणजे गोळा प्लॅस्टिकला टेकणार नाही. गोळा हाताने न उचलता स्वच्छ स्टीलच्या चमच्याने उचलला. दोन-तीन ठिकाणचे गोळे वेगवेगळ्या बरण्यांत ठेवले, एकत्र केले नाहीत. बरणीवर तारीख, वेळ, जागा, भरती होती की ओहोटी, वारा कुठून होता आणि कुणी उचलला, एवढं लिहिलं. उचलण्याआधी जागेवरच फोटो काढला आणि पंचायतीच्या माणसाची सही घेतली. नंतर बरणी काळ्या कापडात गुंडाळून थंडाव्याला ठेवायची, उन्हात नाही. शेजारी आम्ही आमच्याच होडीतलं थोडं डिझेल आणि इंजिन ऑइलही अशाच दोन बाटल्यांत भरून ठेवलं. कुणी पुन्हा तेच म्हणालं तर तेही तपासा, असं सांगायला. यावर आमच्यात थोडा वाद झाला. आपलंच तेल निघालं तर काय, असं एकीने विचारलं. निघालं तर निघालं, मग इंजिनं दुरुस्त करू, असं ठरलं.

गोळ्याचं डांबर अंगाला लागलं तर रॉकेल किंवा पेट्रोल चोळू नका, कातडी जळते. खोबरेल तेल लावून पुसा आणि साबणाने धुवा. लहान मुलांना लांब ठेवा. तेल सांडल्याची खबर ग्रामपंचायतीला आणि मत्स्यव्यवसाय परवाना अधिकाऱ्याला लगेच लेखी द्या आणि पोच घ्या. समुद्रातल्या तेलगळतीवर कारवाई करण्याची मुख्य जबाबदारी तटरक्षक दलाची आहे, म्हणून अर्जाची एक प्रत त्यांना जाऊ द्या.

आमच्या तीन बरण्या सध्या मासे ठेवायच्या बर्फपेटीच्या तळाशी आहेत. बाईंनी त्यांच्या ओळखीच्या प्रयोगशाळेला पत्र लिहिलंय, उत्तर यायचं आहे. परवा मावशींच्या सुनेने कैरीचं लोणचं समजून त्यातली एक उघडायला घेतली होती. तेव्हापासून झाकणावर लाल खडूने मोठी फुली आहे.